आवाज नेटवर, ओळख सिमवर

चौदाव्या शतकात दिल्लीहून दौलताबादला यायला चाळीस दिवस लागत. मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये देवगिरीला राजधानीचा मान दिला, तिचे दौलताबाद झाले, आणि एकाच सुलतानाला इतक्या दूरच्या दोन शहरांची खबर ठेवायची वेळ आली. ती तो कशी ठेवत असे, याचे दोन वृत्तान्त आपल्यापर्यंत पोहोचले आहेत. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता काही वर्षे तुघलकाच्या चाकरीत होता आणि दौलताबादलाही येऊन गेला होता. तो सांगतो की डाक दोन प्रकारची होती. घोड्यांच्या डाकेचे ठाणे दर चार मैलांवर असे. पायी धावणाऱ्या जासूदांचे मात्र एका मैलात तीन टप्पे असत. जासूदाच्या एका हातात पत्र आणि दुसऱ्या हातात दोन हात लांबीची काठी, काठीच्या टोकाला तांब्याच्या घंटा. घंटा वाजू लागल्या की पुढच्या टप्प्यावरचा माणूस कंबर कसून उभा राही, पत्र घेई आणि धावत सुटे. ही पायी डाक घोड्यांनाही मागे टाकी. सिंधहून दिल्लीला पोहोचायला प्रवाशाला पन्नास दिवस लागत, तिथे डाक पाच दिवसांत येई. सुलतानाचा मुक्काम दौलताबादला असला की त्याच्या पिण्यासाठी गंगेचे पाणीही असेच टप्प्याटप्प्याने आणले जाई.

दुसरा वृत्तान्त अल-उमरी या अरब लेखकाचा. हा स्वतः हिंदुस्थानात आला नव्हता. इथून परतलेल्या लोकांना विचारून विचारून त्याने लिहिले. दिल्ली आणि दौलताबाद या दोन राजधान्यांच्या दरम्यान डाकेच्या प्रत्येक ठाण्यावर नगारे ठेवले होते, असे तो नोंदवतो. एका शहरात काही घडले किंवा वेशीचा दरवाजा उघडला, मिटला, की नगारा वाजे. तो ऐकून पुढचा, मग त्याच्या पुढचा. आज दुसऱ्या राजधानीचे दरवाजे केव्हा उघडले हे सुलतानाला रोजच्या रोज कळत असे.

सिमकार्डावरच्या नेहमीच्या फोनऐवजी इंटरनेटवरून बोलणे आणि निरोप धाडणे, हा या प्रकरणाचा विषय. त्यासाठी इतके मागे जाण्याचे कारण त्या डाकेच्या रचनेत आहे. दिल्लीहून निघालेल्या पत्राचा पूर्ण रस्ता एकाही जासूदाला ठाऊक असण्याची गरज नव्हती. त्याला फक्त पुढचा टप्पा माहीत असायला हवा. एका पत्रासाठी चाळीस दिवसांची वाट कुणी अडवून ठेवत नव्हते. त्याच वाटेवरून, त्याच माणसांच्या हातून इतरही पत्रे जात. इंटरनेटवरचा आवाज नेमका याच पद्धतीने जातो. टेलिफोनने मधली शंभर वर्षे याच्या अगदी उलट मार्ग धरला होता.

मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाले १८८२ मध्ये. तेव्हापासून फोन लावणे म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत एक अखंड तार जोडून मिळवणे. बोलणे चालू असेपर्यंत ती तार त्या दोघांची. दोघे गप्प बसले तरी तिसऱ्याला ती मिळायची नाही. ट्रंक कॉल नोंदवून तासन्‌तास वाट पाहावी लागे ती यामुळेच. गावाबाहेर जाणाऱ्या तारा मोजक्या होत्या आणि प्रत्येक संभाषणाला एक पूर्ण तार हवी होती. १९६० मध्ये कानपूर-लखनौ मार्गावर देशातली पहिली एसटीडी सेवा आली आणि पुढे ऑपरेटरची गरज संपली, पण तार अडवण्याची पद्धत तीच राहिली. ऐंशीच्या दशकात सॅम पित्रोदांच्या सी-डॉट या सरकारी संस्थेने खेड्यांत चालतील अशी एक्स्चेंज बनवली, चौकाचौकांत पिवळ्या पाट्यांचे पीसीओ उभे राहिले. तिथल्या मीटरवर धावणारा आकडा हे त्या अडवलेल्या तारेचेच भाडे होते.

माहितीचे तुकडे करून ते सुटे सुटे पाठवता येतील, हा विचार साठच्या दशकातल्या संगणकशास्त्रज्ञांचा. अमेरिकेतला पॉल बॅरन आणि ब्रिटनमधला डोनाल्ड डेव्हिस यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे तो मांडला. १९७४ मध्ये डॅनी कोहेन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटवरून खरोखरच बोलणे पाठवून दाखवले. म्हणजे नेटवरचा आवाज हे व्हॉट्सअ‍ॅपच्या पिढीचे अपत्य नाही. ते जवळपास मोबाइलइतकेच जुने आहे म्हटले तरी चालेल. रखडले होते ते एवढ्यासाठी की घरापर्यंत पुरेसे नेट पोहोचले नव्हते.

आत नेमके काय घडते ते आकड्यांतून पाहू. जुन्या डिजिटल टेलिफोनमध्ये आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतात, प्रत्येक नमुना ८ बिटचा; म्हणजे सेकंदाला ६४,००० बिट. आजची अ‍ॅप्स हा आवाज दाबून लहान करतात. २०१२ मध्ये प्रमाणित झालेली ‘ओपस’ नावाची पद्धत साधारण २४,००० बिटमध्ये चांगला, स्वच्छ आवाज देते. तो आवाज २० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत कापला जातो; सेकंदाला ५० तुकडे. एका तुकड्यात ६० बाइट आवाज, आणि वर पत्ता, क्रमांक, वेळ वगैरे लिहिलेले सुमारे ४० बाइटचे पाकीट. आत ६० आणि वेष्टनच ४०, हे प्रमाण उधळपट्टीचे वाटते, पण त्या वेष्टनाच्या बळावरच प्रत्येक तुकडा स्वतःचा रस्ता स्वतः शोधतो. हिशेब केला तर एका बाजूचे बोलणे मिनिटाला ३०० किलोबाइट, दोन्ही बाजूंचे ६००. तासाभराच्या गप्पा ३६ मेगाबाइट. रोज दीड जीबी देणाऱ्या रिचार्जमध्ये असे चाळीस तासांचे बोलणे मावते. दिवसच मुळी चोवीस तासांचा! व्हिडिओ सुरू केला की मात्र हे गणित पार बदलते. चित्राला आवाजाच्या कित्येक पट डेटा लागतो. नेट कमी पडू लागले की आधी कॅमेरा बंद करावा, तो यासाठी.

हे तुकडे वाटेत मागेपुढे होतात. आधी निघालेला नंतर पोहोचतो, एखादा हरवतो. म्हणून ऐकणाऱ्याच्या फोनमध्ये एक लहानसा साठा असतो. तिथे तुकडे थोडा वेळ थांबतात, क्रमाने लागतात आणि मग आवाज होऊन बाहेर पडतात. हरवलेला तुकडा पुन्हा मागवत बसत नाहीत, कारण तो येईपर्यंत वाक्य पुढे गेलेले असते. शेजारच्या तुकड्यांवरून त्याचा अंदाज बांधून जागा भरतात. पुष्कळ तुकडे गळले की आवाज रोबोसारखा चिरका येतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या शिफारशीनुसार आवाजाला एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला १५० मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागला तर संभाषण सहज वाटते. त्याहून जास्त उशीर झाला की दोघे एकाच वेळी बोलू लागतात, दोघे एकाच वेळी थांबतात. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यूयॉर्क हे साधारण साडेबारा हजार किलोमीटर अंतर सरळ रेषेत कापायलाच त्याला साठ मिलिसेकंदांहून अधिक वेळ लागतो, आणि समुद्रातली केबल सरळ रेषेत जात नाही. परदेशी असलेल्या लेकीशी बोलताना पडणारा तो क्षणभराचा खंड पूर्णपणे कधीच जाणार नाही. त्यातला काही भाग पृथ्वीच्या आकाराचा आहे.

लिहिलेल्या निरोपाची गोष्ट वेगळी. त्यातले एक अक्षरही हरवून चालत नाही, पण चार सेकंद उशीर झाला तर बिघडत नाही. म्हणून तिथे हरवलेला तुकडा पुन्हा मागवला जातो, आणि समोरचा फोन बंद असेल तर निरोप सर्व्हरवर थांबून राहतो. व्हॉट्सअ‍ॅपवर तीस दिवसांपर्यंत. रेंज इतकी कमी असते की फोनवर धड दोन शब्द ऐकू येत नाहीत, तरी मेसेज निघून जातो, त्याचे कारण हेच.

मराठी माणसासाठी या निरोपांत आणखी एक मोठी गोष्ट घडली आणि तिची दखल फारशी कुणी घेत नाही. एसएमएसची मूळ मर्यादा १४० बाइटची. इंग्रजी लिपीत त्यात १६० अक्षरे बसतात, देवनागरीत फक्त ७०. शिवाय काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे प्रत्येकी एक जागा खातात. ‘छत्रपती संभाजीनगर’ एवढे नाव लिहिले की मधल्या मोकळ्या जागेसकट १७ जागा गेल्या. एका एसएमएसची जवळपास चौथाई शहराच्या नावातच संपली. मेसेजला पैसे पडत त्या काळात मराठीत लिहिणे हे इंग्रजीच्या दुप्पट महाग होते, आणि बरेचसे हँडसेट देवनागरी दाखवतही नसत. एक अख्खी पिढी ‘kasa aahes’ च्या धर्तीवर रोमन लिपीत मराठी लिहायला शिकली ती अशा अडचणींतून. इंटरनेटवरच्या निरोपाला अशी मर्यादा नाही. ज्याला लिहिता येत नाही त्याला बोलून पाठवता येते. शेतावरून, बाजारातून, गाडीतून येणारे ते व्हॉइस मेसेज ही माझ्या मते या सगळ्या तंत्रज्ञानाची सर्वांत लोकशाही देणगी आहे.

भारतात मात्र नेटवरून बोलायला आधी परवानगी नव्हती. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले, आणि त्याच वर्षी ‘व्होकलटेक’ या इस्रायली कंपनीने संगणकावरून संगणकावर बोलण्याचे सॉफ्टवेअर बाजारात आणले होते. पण परदेशी फोन हा सरकारी कंपनीच्या उत्पन्नाचा मोठा आधार होता. इंटरनेट टेलिफोनी कायदेशीर झाली १ एप्रिल २००२ रोजी, विदेश संचार निगमची परदेशी फोनवरची मक्तेदारी संपली तेव्हाच. तीही अर्धीमुर्धी: संगणकावरून संगणकावर बोला, संगणकावरून परदेशातल्या फोनवर बोला, पण भारतातल्या साध्या फोनची घंटी वाजवायची नाही. २००३ मध्ये ‘स्काइप’ आले. सायबर कॅफेत हेडफोन लावून, आवाज मोठा करत अमेरिकेतल्या मुलाशी बोलणारे आईवडील हे त्या दशकातले मराठी शहरांतले नेहमीचे दृश्य होते. मायक्रोसॉफ्टने २०११ मध्ये साडेआठ अब्ज डॉलरला विकत घेतलेली ती सेवा ५ मे २०२५ रोजी बंद झाली.

देशातल्या फोनची घंटी वाजवायची ती मनाई उठली १९ जून २०१८ च्या दूरसंचार विभागाच्या निर्णयाने, पण केवळ टेलिफोनचा परवाना असलेल्या कंपन्यांसाठी. त्याच वर्षी जुलैमध्ये बीएसएनएलने ‘विंग्ज’ आणले. वर्षाला १,०९९ रुपये, सिमकार्ड नाही, हँडसेटमध्ये एक अ‍ॅप आणि दहा आकडी क्रमांक. नेट कुणाचेही असो, देशभर कुठेही फोन लावा. सिमशिवाय फोन ही कल्पना आपल्याकडे इतक्या सरळपणे आणि सरकारी कंपनीकडून मांडली गेली होती, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. लोकांनी ती उचलून धरली नाही, कारण तोवर जिओ येऊन दोन वर्षे होत आली होती आणि बोलणे जवळपास फुकट झाले होते.

जिओने ५ सप्टेंबर २०१६ पासून जे केले त्यात एक तांत्रिक बदल दडला होता. तिच्याकडे जुन्या पद्धतीचे, वाट अडवणारे जाळे नव्हतेच. तिचा प्रत्येक कॉल पहिल्या दिवसापासून तुकड्यांतून, इंटरनेटच्याच नियमांनी जात होता. फोनच्या माथ्यावर ‘व्होल्टे’ अशी खूण दिसते ती याची. आज फोरजी-फाइव्हजीवर लावलेला साधा कॉल आणि व्हॉट्सअ‍ॅपचा कॉल यांच्या पोटात एकच यंत्रणा आहे. फरक एवढा की साध्या कॉलच्या तुकड्यांना कंपनी आपल्या जाळ्यात अग्रक्रम देते आणि तो पोहोचवण्याची जबाबदारी घेते. अ‍ॅपचे तुकडे गर्दीत इतरांबरोबर जातात. तेव्हा ‘मोबाइल सोडून नेटवरून बोलावे का’ या प्रश्नाचा निम्मा भाग आपल्या नकळत निकालात निघाला आहे. आवाज केव्हाच नेटवर गेला. मागे उरला आहे तो क्रमांक.

अ‍ॅपच्या तुकड्यांना गर्दीतून का होईना, समान वाट मिळते हेही आपोआप घडलेले नाही. डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेलने इंटरनेट कॉलसाठी वेगळा, महाग डेटा पॅक जाहीर केला. लोक चिडले आणि कंपनीने तो मागे घेतला. पुढच्या वर्षी लाखो लोकांनी दूरसंचार नियामक ‘ट्राय’ला ई-मेल पाठवले, आणि ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने नियम केला की नेटवरून काय पाहता, काय बोलता यावरून वेगवेगळा दर लावता येणार नाही. बाहेरच्या देशांकडे पाहिले की या नियमाची किंमत कळते. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सअ‍ॅपचे निरोप चालतात पण कॉल अडवलेले आहेत. तिथे परवानाधारक अ‍ॅपच वापरावे लागते. मराठवाड्यातून दुबई-अबूधाबीला कामाला गेलेल्या माणसाच्या घरी म्हणूनच ‘बोटिम’ हे नाव माहीत असते. इकडच्या म्हाताऱ्या आईच्या फोनवर तेवढ्यासाठी ते उतरवून घेतलेले असते.

आता दौलताबादच्याच एका घराची कल्पना करू. मोसमात सीताफळे आणि पेरू घेऊन किल्ल्याच्या रस्त्याला बसणारी आई, वाळूजच्या कारखान्यात जाणारे वडील, पुण्यात शिकणारा मुलगा, घरी आजी. घरात चार सिम, आणि चौघांचा रिचार्ज. जुलै २०२४ मध्ये खासगी कंपन्यांनी दर वाढवल्यापासून हा खर्च डोळ्यांत भरू लागला. घरी फायबरचे कनेक्शन घेतले, वायफाय आले. मग प्रत्येकाला सिमचा रिचार्ज हवाच कशाला? आजी घराबाहेर फारशी जातच नाही. तिला एक टॅब्लेट दिला, त्यावर व्हॉट्सअ‍ॅप, तर झाले की नाही?

बोलण्यापुरते झाले. अडते ते ओळखीपाशी. व्हॉट्सअ‍ॅपचे खाते उघडायला फोन क्रमांक लागतो. सिग्नल आणि टेलिग्रामलाही. टॅब्लेटवर ते दुसऱ्या फोनला जोडून चालवता येते, पण मूळ फोन चौदा दिवसांत एकदा तरी चालू झाला पाहिजे, नाहीतर जोडलेली यंत्रे आपोआप तुटतात. बँकेचा ओटीपी एसएमएसने येतो. यूपीआयचे अ‍ॅप सुरू करताना ते त्याच फोनमधल्या सिमवरून एक एसएमएस पाठवून खात्री करते. सिम नाही तर यूपीआय नाही. आधारचा ओटीपी आधारला जोडलेल्या क्रमांकावर. लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी करताना राज्यभरातल्या बायकांना पहिला प्रश्न पडला तो ‘आधारला कुठला नंबर आहे?’ हाच. दूरसंचार विभागाने २८ नोव्हेंबर २०२५ रोजी आदेश काढला की निरोपाची अ‍ॅप्स ज्या क्रमांकावर नोंदली आहेत त्याचे सिम त्या फोनमध्ये असेल तरच ती चालावीत, आणि संगणकावर उघडलेले खाते दर सहा तासांनी बंद व्हावे. परदेशात बसून भारतीय क्रमांकांच्या नावाने लोकांना लुबाडणाऱ्यांना आळा घालणे हा त्यामागचा हेतू. हेतू खरा आहे. पण त्यातून दिसते असे की सरकारच्या दृष्टीने सिम हे आता बोलण्याचे साधन कमी आणि ओळखपत्र जास्त झाले आहे.

ओळखपत्र म्हटल्यावर ते जपायला हवे. सिम काढून डबीत ठेवले आणि विसरले, तर ते तसे राहत नाही. नव्वद दिवस कसलाच वापर झाला नाही की कंपनी क्रमांक बंद करू शकते. प्रीपेड खात्यात निदान २० रुपये शिल्लक असतील तर त्यातून ठरावीक रक्कम कापून क्रमांक जिवंत ठेवण्याची तरतूद आहे. बंद झालेला क्रमांक काही काळानंतर दुसऱ्या माणसाला दिला जातो. २०२३ मध्ये हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला तेव्हा ट्रायने सांगितले की बंद झाल्यावर नव्वद दिवस तो क्रमांक कुणाला देत नाहीत. त्यानंतर आजीच्या पेन्शनचा ओटीपी एखाद्या अनोळखी माणसाच्या फोनवर जाऊ शकतो. तेव्हा सिम सोडायचे असेल तर आधी बँक, आधार, गॅस, पेन्शन या सगळ्या ठिकाणी दुसरा क्रमांक नोंदवावा, व्हॉट्सअ‍ॅपचे खाते पुसावे, आणि मग सिम सोडावे. क्रम उलटा झाला तर फार मनस्ताप होतो.

मधला मार्ग आहे, आणि दौलताबादच्या आपल्या कल्पनेतल्या घराला मी तोच सुचवेन. ट्रायने २३ डिसेंबर २०२४ रोजी नियम बदलून कंपन्यांना डेटा नसलेले, केवळ बोलणे आणि एसएमएसचे पॅक द्यायला लावले. त्यांची मुदत ३६५ दिवसांपर्यंत असू शकते. आजीचे सिम अशा लांब मुदतीच्या पॅकवर साध्या बटणांच्या फोनात ठेवावे. ओटीपी तिथे येईल, पाय घसरून पडली तर तिथूनच फोन लागेल. नातवाशी रोजच्या गप्पा आणि व्हिडिओ घरच्या वायफायवर, आईच्या फोनवरून. फायबरबरोबर बहुतेक कंपन्या ०२४० या स्थानिक कोडने सुरू होणारा लँडलाइन क्रमांकही देतात. तो आता तांब्याच्या तारेवरचा राहिलेला नाही; राउटरमधून निघणारा तो इंटरनेट फोनच आहे, आणि काही कंपन्यांच्या अ‍ॅपमधून तो मोबाइलवरही घेता-लावता येतो. संपूर्ण घराचा, कुणा एकाच्या खिशात न राहणारा क्रमांक परत आला आहे, आणि त्यावरून कुणालाही साधा फोन लावता येतो, समोरच्याकडे अ‍ॅप असो वा नसो.

वायफाय कॉलिंग ही आणखी एक सोय बरेच जण बंदच ठेवतात. एअरटेलने डिसेंबर २०१९ मध्ये, जिओने जानेवारी २०२० मध्ये आणि व्होडाफोन-आयडियाने डिसेंबर २०२० मध्ये, त्यातही सुरुवातीलाच महाराष्ट्र आणि गोव्यात, ती आणली. यात क्रमांक तुमचाच, डायल करायची पद्धत तीच, फक्त टॉवरऐवजी कॉल घरच्या वायफायमधून जातो. दौलताबादच्या मुलखात तिचे मोल अधिक. हा किल्ला ज्या डोंगरात कोरून काढला तो दख्खनचा काळा कातळ बेसाल्टचा. मोबाइलच्या बहुतेक लहरी डेसिमीटरच्या मापाच्या, दहा-पंधरा ते तीस-पस्तीस सेंटिमीटर लांबीच्या. इतक्या जाड दगडातून त्या पार होत नाहीत. किल्ल्यातल्या अंधारी वाटेच्या पोटात त्या शिरणार कशा? डोंगराच्या आडोशाला आणि जुन्या दगडी घरांच्या जाड भिंतींआड त्याच कारणाने त्या क्षीण होतात. फायबर भिंतीतून आत येते आणि लहर घराच्या आतच जन्माला येते. सेटिंगमध्ये जाऊन एक कळ सरकवायची एवढेच काम.

मग सिम पूर्ण सोडायला मी का सांगत नाही? तीन कारणांनी. व्हॉट्सअ‍ॅप किंवा तशा कुठल्याही अ‍ॅपवरून ११२ ला फोन लागत नाही. पोलीस, अग्निशमन यांच्यासाठीचा तो क्रमांक आणि १०८ ची रुग्णवाहिका यांना खरा टेलिफोन क्रमांकच लागतो. आपल्या सिमच्या कंपनीची रेंज नसली तरी ११२ चा कॉल दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून जाऊ शकतो. ही सोय अ‍ॅपकडे असणे शक्य नाही. दुसरे, नेट बंद होऊ शकते. नोव्हेंबर २०२३ च्या सुरुवातीला मराठा आरक्षणाचे आंदोलन पेटले तेव्हा जालना आणि बीडबरोबर छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या ग्रामीण भागातही प्रशासनाने इंटरनेट बंद केले होते. अशा वेळी साधे कॉल आणि एसएमएस चालू असतात. ज्याचे सगळे अ‍ॅपवर आहे त्याचा संपर्कच तुटतो. तिसरे फसवणुकीचे. नेटवरून निघालेल्या कॉलला हवा तो क्रमांक चिकटवता येतो. परदेशातून भारतीय क्रमांकाचा बुरखा घालून येणारे असे कॉल अडवणारी यंत्रणा केंद्राने ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू केली, तेव्हा पहिल्या चोवीस तासांत तिने १ कोटी ३५ लाख कॉल अडवले. ‘डिजिटल अटक’ म्हणून धमकावणारे लोक व्हिडिओ कॉलवर गणवेश घालून बसतात. भारतात कुठल्याही कायद्याने फोनवर अटक होत नाही. पैसे गेलेच तर पहिल्या तासाभरात १९३० वर कळवावे. तोही क्रमांक अ‍ॅपवरून लागणारा नाही.

फायबरच्या लँडलाइनबद्दल एक गोष्ट कनेक्शन देणारा माणूस सहसा सांगत नाही. जुन्या तांब्याच्या फोनला वीज एक्स्चेंजमधून यायची, ४८ व्होल्टच्या बॅटऱ्यांवरून, त्याच दोन तारांतून. गावात वीज गेली तरी घरचा फोन चालू असे. काचेच्या तंतूतून वीज जात नाही. वीज गेली की घरातला राउटर बंद, वायफाय बंद, ०२४० चा फोनही बंद, आणि वायफाय कॉलिंगवर विसंबलेला मोबाइल पुन्हा टॉवरच्या त्याच क्षीण रेंजवर. पावसाळ्यात, वादळात, म्हणजे फोनची गरज सर्वांत जास्त असते तेव्हाच हे घडते. राउटर बहुधा १२ व्होल्टवर चालतो आणि त्याला वीज फार थोडी लागते. त्याच्यासाठीचा लहान यूपीएस इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो आणि काही तास तग धरतो. फायबर घेताना तो त्याच दिवशी घ्यावा. राउटर आणि भिंतीवरची फायबरची डबी वेगवेगळी असेल तर दोन्ही त्यावर जोडावीत. एकच जोडली तर वायफायची खूण दिसत राहते आणि नेट मात्र येत नाही.